गॉगलची वरची पट्टी

६ जाने., मंगळ.

अच्छाडला जाऊन आले. हंसाबेनच्या दुकानात ट्रकच्या सीटची कव्हरं टाकली, नवं रेग्झिन घेतलं. परतीला तलासरीत जीप बदलायला पाऊण तास उभी. पाय सुजले.

घरी आले तर प्राची ओट्यावर, मांडीवर काहीतरी काळं. मला वाटलं खाडीवरून मेलेलं कासव उचलून आणलंय कार्टीने. तर म्हणे बर्फातला गॉगल. कॉलेजच्या एन.सी.सी.च्या मॅडमनी दिला, त्यांच्या वेळचा. पंधरा-वीस वर्षं कपाटात पडून होता. काच धड, पट्टा धड. पण चेहऱ्याला टेकतो तो फोम पार गेलाय. बोट लावलं तर बोटालाच आला, पिकून उतरलेल्या चिकूसारखा. आमच्या खाऱ्या हवेत फोम टिकत नाही हे मला कोणी सांगायला नको.

सतराला निघायचं. पंधरा दिवस बर्फात. पायाला लांब फळ्या बांधून डोंगरावरून घसरायला शिकवणार. त्याला स्की म्हणतात. अख्ख्या कॉलेजातून दोघीच, आमची प्राची आणि तलासरीची तन्वी. निवड झाली त्या दिवशी गल्लीत पेढे मीच वाटले आणि मोरीत बसून रडलेही मीच. ही पोर बोटीत बसली तरी माझा जीव वरखाली होतो.

७ जाने.

नवा गॉगल मोबाइलवर मागवला तर येणार एकोणीसला. ही निघणार सतराला. तोवर परीक्षाही आहे, शोधत कुठे फिरणार. म्हटलं, आण इकडे. पंचवीस वर्षं फोम कापतेय. माझ्या हातच्या सीटवर बसून ड्रायव्हर पार दक्षिणेत जाऊन येतात, हा तर वीतभर गॉगल.

"आई, आधी एखादा व्हिडिओ बघू या."

"आता व्हिडिओवाले शिकवणार मला?"

हसली. तिला माहीत आहे माझ्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही.

खरं लिहायचं तर मला ते काम हवंच होतं. ती एवढ्या लांब असताना माझ्या हातचं काहीतरी तिच्या तोंडाला लागून असावं. दुसरं मी काय पाठवणार? लाडू दोन दिवसांत संपतील.

९ जाने., शुक्र.

जुना फोम काढला. थिनर लावलं नाही, काच प्लास्टिकची, पांढरी पडली असती. कोमट पाणी, साबण, दातांचा जुना ब्रश, बोथट सुरी. दोन तास. नखांत काळं बसलंय ते निघत नाही. तसेच बोंबील साफ केले.

फ्रेमच्या वरच्या कडेला बारीक भोकांची ओळ आहे. पाहिलं तर खालीही. वर कसलासा पातळ फोम होता, त्याचं पीठच झालेलं, फुंकरीने उडालं.

प्राची म्हणाली, "ह्या भोकांना काहीतरी कारण असेल ना गं?"

"कारण कसलं, कंपनीने प्लास्टिक वाचवलंय."

११ जाने., रवि.

हे आज घरी. बोटीचं मशीन बिघडलंय, बोट चालवणारे तांडेल असून काय करणार, किनाऱ्यावर बसून मेकॅनिकच्या नावाने बोटं मोडणार.

ह्यांनी गॉगल उजेडाकडे धरला आणि चेहरा उतरलाच. "अगं, ही तर चाळण आहे! पोर घसरणार, बर्फ उडणार, ह्यातून आत जाणार, आत जाऊन पाणी होणार." पाणी आत शिरणं म्हणजे काय ते ह्यांना माहीत. दर वर्षी बोट वर ओढली की फळ्यांच्या फटी शोधत, कापूस आणि राळ भरत उन्हात बसतात. सासरे सांगायचे, भोक लहानमोठं नसतं, भोक ते भोक. ह्या घरात दाराची फटही कोणी उघडी ठेवत नाही.

मग काय, दोघं बसलो. सीटचा काळा घट्ट फोम घेतला, पाणी न पिणारा. वर्तमानपत्रावर फ्रेमचा आकार उतरवला. नाकापाशी दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बसला. कडेची पट्टी वेगळी, आणि भोकांवर वर एक, खाली एक. सोल्युशन दोन्ही अंगांना लावलं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत वाळू दिलं, मग दाबलं. कपड्यांचे चिमटे लावले सगळीकडून. ह्यांनी पट्टीच्या कडेने बोट फिरवत फिरवत तपासलं, बोटीची फळी तपासतात तसंच.

कितीतरी दिवसांनी दोघांनी मिळून एक काम केलं. बरं वाटलं. भीती जरा मागे सरली.

१२ जाने., सोम.

चिमटे काढले. गॉगल तोंडाला लावला, दोन्ही हातांनी दाबून धरला आणि डोकं बादलीत घातलं. दहा आकडे मोजले. थेंब आत नाही! हे टाळी वाजवून हसले. "आता समुद्रात टाकली तरी चालेल पोर." मी म्हटलं, असलं बोलू नका. जीभ चावली ह्यांनी.

१४ जाने., संक्रांत.

चेहऱ्याला फोम टोचू नये म्हणून आतल्या बाजूने ह्यांच्या जुन्या माकडटोपीचं लोकरी कापड लावलं. टाका नाही, चिकटवलं. मऊ झालंय. प्राची गॉगल घालूनच तीळगूळ घ्यायला जयवंतीकाकूकडे गेली. काकू म्हणाली, "कोण गं बाई तू?" गल्ली हसली. परत आली ती घामाघूम.

"आत गरम होतंय गं."

"बर्फात गरमच हवं. मग काय गार हवंय?"

पुन्हा हसली. हलवा खाल्ला. मी मात्र उगाच तिची पिशवी उघडून बघतेय, सारखी. सतरा तारीख जवळ येतेय म्हणून असेल.

१७ जाने., शनि.

गेली.

वापीला सोडायला आम्ही दोघं. दुपारची गाडी. तन्वीचे आईवडीलही आलेले. पन्नासेक पोरं, सगळ्यांचा गलका. तन्वीचा गॉगल नवा, पिशवीला बाहेरून लटकवलेला. मी आपली सवयीने बघितला. वरच्या बाजूला पातळ जाळीदार फोम, पलीकडचा उजेड दिसत होता त्यातून. मनात म्हटलं, हलकं काम. आमचा बघा.

आणि मग काहीतरी खटकलं. काय ते कळलं नाही. प्राचीला विचारावंसं वाटलं, तुझा एकदा दाखव गं. पण ती डब्याकडे वळली होती. आमच्यात निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. बोटीवर चाललेल्या ह्यांना मी लग्नापासून एकदाही मारलेली नाही. गिळली हाक.

खिडकीतून ओरडली, "चल आई, जाते!"

"येते म्हण!"

गाडी हलली. म्हणाली की नाही, ऐकू आलं नाही.

१८ जाने.

काम केलं नाही. तिच्या खोलीत झाडू मारला, दोनदा.

२० जाने., मंगळ.

दोनदा वही मिटली. तरी लिहिते.

सकाळी फोन. पोचल्या. "आई, पाय गुडघ्यापर्यंत बुडतो बर्फात! आता फोन जमा करतायत, रविवारी अर्धा तास मिळेल." ह्यांच्याशी दोन शब्द. ठेवला. मी देवापुढे साखर ठेवली आणि मोकळ्या मनाने अच्छाडला गेले.

दुकानात एक ड्रायव्हर बसलेला, सफरचंदाचा ट्रक घेऊन उतरलेला, तिकडचाच, डोंगरातला. सीटचं माप द्यायला आला होता. हंसाबेनने कौतुकाने सांगितलं, बेनची मुलगी बर्फात गेलीय. तो खूश झाला. म्हणाला, "चश्मा दिया है ना? बर्फ पे धूप पड़ती है तो आँख जल जाती है. बिना चश्मे के मत जाने देना."

मला तेवढंच हवं होतं. सगळं सांगितलं. फोम कसा काढला, कसा कापला, बादलीत डोकं घातलं, थेंब आला नाही. तोडक्यामोडक्या हिंदीत, हातवारे करून.

तो ऐकताना हसत होता, मग हसायचा थांबला. "ऊपर के छेद भी बंद कर दिए?"

"एकदम पॅक."

"वो तो हवा के लिए होते हैं, बहनजी. पसीना आएगा, साँस गरम होगी, अंदर भाप जम जाएगी. कुछ नहीं दिखेगा."

हंसाबेन लगेच म्हणाली, "अरे बेन, चिंता ना कर." ड्रायव्हरही बिचारा म्हणाला, पुसता येतं, काढून पुसेल. पण मी त्याचं तोंड बघितलं होतं.

जीपमध्ये सगळं एकामागून एक आठवत गेलं. ह्या भोकांना काहीतरी कारण असेल ना गं. आत गरम होतंय गं. तन्वीच्या गॉगलमधून दिसणारा उजेड. पोरीने दोनदा सांगितलं मला. दोनदा.

फोन बंद लागतोय तिचा. रविवारपर्यंत बंद.

२१ जाने.

ह्यांना काल सांगितलं नव्हतं. आज बोटीवरून आले, चहा दिला आणि सांगितलं. चहा तसाच राहिला. म्हणाले, "बुजव मीच म्हटलं."

मी म्हटलं, सोल्युशन मी लावलं.

"पण म्हटलं मी."

भांडलो त्यावर. कोणाची चूक मोठी म्हणून भांडलो! ऐकणाऱ्याला वाटलं असतं काहीतरी वाटून घेतायत.

२२ जाने., गुरु.

स्वतःचं समाधान करून घ्यायचं ठरवलं. कदाचित ड्रायव्हर उगाच घाबरवत असेल. डहाणूत हार्डवेअरच्या दुकानातून कारागीर वापरतात तो पांढरा प्लास्टिकचा चष्मा आणला, त्यालाही वर भोकं असतात. तोच काळा फोम, तेच सोल्युशन, तशीच पट्टी. मग ह्यांच्या बर्फाच्या पेटीत अर्धा तास ठेवला, मासळीशेजारी. काढला, घातला आणि पाण्याचे दोन कॅन घेऊन खाडीपर्यंत भराभर चालत गेले.

पिंपळाच्या पारापर्यंत नीट दिसलं. पुढे कडा पांढऱ्या. मग सगळंच. हात पुढे धरला, हात दिसेना. बोंबील वाळत घातलेल्या बांबूला जाऊन धडकले, कॅन सांडले. जयवंतीकाकू धावत आली. "सुनंदा, काय झालं तुला?" मी तिथेच वाळूत बसले आणि चष्मा न काढता रडले. आत आणखीच पांढरं झालं.

मी चालत होते. ती डोंगरावरून घसरणार.

घरी येऊन वरची पट्टी ओढून काढली आणि तेच सगळं पुन्हा केलं. काच भरली, पण चालता चालता निवळली. म्हणजे इलाज आहे. एवढासा. वरची पट्टी उपटायची. बस.

फक्त ती सहजी निघायची नाही. माझ्या हातचं चिकटवलेलं आहे. हीच पट्टी काढताना आज मला पक्कड लागली. तिच्या पिशवीत मी सुईदोऱ्याची पुडी आणि छोटी कात्री घातलीय, त्या कात्रीने जमेल. जमेल ना.

२३ जाने., शुक्र.

कॅम्पच्या ऑफिसचा नंबर मॅडमकडून आणला. अकरा वेळा लावला, बाराव्याला लागला. माणूस चांगला बोलला. मी सांगितलं, डहाणूची प्राची, तिच्या चष्म्याची वरची काळी पट्टी काढून टाकायला सांगा. तो म्हणाला, "पट्टी? आँख पे पट्टी है?" नाही हो, चष्म्यावर. मग लिहून घेतो म्हणाला. प्राची नावाच्या तीन मुली आहेत म्हणाला. मी म्हटलं तिघींना सांगा. चौथी असेल तर तिलाही.

हसला. लिहिलं असेल का?

मॅडमकडे पुन्हा गेले. म्हणाल्या, "अहो वहिनी, तिथे शिकवणारे आहेत, बघतात ते. धुरकट झाला तर थांबून पुसेल ना ती." खरं आहे. मला पटवून घ्यायचंय. पण माझी पोर थांबणारी नाही. लहानपणी ओहोटीच्या चिखलात पळायची, गुडघाभर रुतली तरी थांबून पाय काढायची नाही, पुढेच ओढायची. आणि गॉगल काढूनच टाकला तर ते ऊन. ड्रायव्हर म्हणाला होता, आँख जल जाती है.

घातला तर आंधळी, काढला तर डोळे जाणार. हे मी करून दिलंय तिला. दोन तास नखं काळी करून.

२५ जाने., रवि.

आज फोनचा दिवस. पहाटेपासून फोन हातात. बोंबील तव्यावर करपले.

अकरा. बारा. दोन.

चारला मॅडमचा मेसेज, तिकडे बर्फ पडतोय, टॉवर बंद आहे, सगळ्यांच्याच घरी फोन नाही, काळजी नसावी. काळजी नसावी! लिहायला काय जातं.

हे म्हणाले, सगळ्यांच्याच नाही ना, मग ठीक. मी म्हटलं, सगळ्यांच्या आयांनी भोकं बुजवलेली नाहीत. नको होतं बोलायला. हे उठून बाहेर गेले.

२७ जाने., मंगळ.

सकाळी धुकं. इतकं दाट की आमच्या ओट्यावरून समोरची होडी दिसेना. हे पहाटेच बाहेर गेलेले. सात वाजले, साडेसात, एकही बोट आत नाही. मग बायका निघाल्या. थाळ्या, पराती, डबे, ज्याच्या हाताला जे लागलं ते. खाडीच्या तोंडाशी उभं राहून वाजवायचं, म्हणजे बोटीवरच्यांना तोंड कुठे ते कळतं. माझी सासू हेच करायची. आता बहुतेक बोटींवर मशीन आहे, नकाशा दाखवतं, तरी धुकं आलं की बायका निघतातच. मशीनचा भरवसा कोणी धरायचा?

मी सांडशीने परात बडवत होते. हात भरून आले. काही दिसत नाही, नुसतं पांढरं, आणि मनात एकच, तिला हे असंच दिसत असेल. हेच पांढरं. आणि तिथे कोण वाजवतंय तिच्यासाठी?

पावणेनऊला ह्यांच्या बोटीचं मशीन ऐकू आलं. मग बोट दिसली. उतरले, माझ्याकडे आले, आणि पहिला शब्द, "फोन आला?"

नाही.

ओले हात माझ्या डोक्यावर ठेवले. चारचौघांत. असं कधी करत नाहीत.

२८ जाने.

विवळवेढ्याला गेले, महालक्ष्मीला. ओटी भरली. नवस बोलायला तोंड उघडलं आणि शब्दच सुचेना. दुसऱ्या कोणी केलं असतं तर सांगितलं असतं आईला, बघ गं, शिक्षा कर. आपणच केलेलं कसं सांगायचं? शेवटी म्हटलं, तिला जरा थांबायची बुद्धी दे. एवढंच मागितलं. ती बुद्धी तिला माझ्याकडून मिळायला हवी होती, पण माझ्याकडेच कुठे आहे.

हायवेला जीपची वाट बघताना सफरचंदाचा एक ट्रक गेला. आतलं तोंड दिसलं नाही. तरी हात केला मी.

२९ जाने., गुरु.

मॅडम स्वतः घरी आल्या. टॉवर आलाय. त्यांचं ऑफिसशी बोलणं झालं. "वहिनी, निरोप पोचवला म्हणाले."

"कोणाला?"

"मुलींना."

"आमच्या प्राचीला का?"

"मुलींना सांगितलं म्हणाले हो."

चहा घेतला त्यांनी. शनिवारी सकाळी आठला शेवटची परीक्षा, सगळ्यात मोठा उतार, एकेकीने एकटीने उतरायचं. मग प्रमाणपत्र. मॅडमच्या डोळ्यांत नुसतं कौतुक. त्यांनी हाच गॉगल घालून हाच उतार केला होता त्यांच्या वेळी. तेव्हा भोकं उघडी होती, असं मी म्हटलं नाही. त्यांना वाईट वाटलं असतं, गॉगल त्यांचा.

३० जाने., शुक्र.

फोटो आला!

दुपारी एक वाजता, तन्वीच्या आईच्या फोनवरून फिरत फिरत. कोणी पाठवला, कधीचा, काही कळत नाही. पोरींची रांग बर्फात. डावीकडून तिसरी आमची. टोपीवरून ओळखली, जांभळी, मीच विणलेली. दोन्ही हात वर केलेत. हसतेय. दात दिसतायत. दोन पाय, दोन हात, सगळं जागेवर. मी फोनचाच मुका घेतला.

मग गॉगल बघितला. बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला. वरची पट्टी आहे की काढलीय? तिथेच टोपीची कड आलीय. माझ्याच टोपीची! आणि काच पांढरी दिसतेय.

ह्यांना दाखवलं. ह्यांनी अंगणात नेऊन, हाताची सावली धरून बघितलं. "समोरचा बर्फ दिसतोय काचेत. बर्फाचं पांढरं आहे."

"की आतली वाफ?"

"बर्फ गं."

"नक्की?"

फोन माझ्या हातात परत दिला.

जयवंतीकाकू म्हणाली बर्फ. हंसाबेनला पाठवला, तिने लिहिलं, बरफ छे बेन, एकदम बरफ. तन्वीची काच बघितली, तीही पांढरी, पण कमी. की तिचं तोंड वळलंय म्हणून कमी? तासभर बघितला. आता मला फोटोत काहीच दिसत नाही, नुसते चौकोन दिसतात.

तिचा फोन लावला. बंद. ऑफिसला लावला. ठेवून दिला, मग पुन्हा लावला. उचलला त्या माणसाने, तोच होता. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाला, "पट्टीवाली माँ?" बोल दिया है, म्हणाला. आपली बेटी ने क्या कहा? मी विचारलं. म्हणाला, मला माहीत नाही, मी रांगेसमोर उभं राहून मोठ्याने वाचून दाखवलं, सगळ्या हसल्या.

सगळ्या हसल्या म्हणजे तीही हसली. माझं बोलणं ऐकून हसते आणि मग तेच करते, असं पुष्कळदा झालंय. हसते आणि करत नाही, असंही झालंय. ह्या खेपेला कुठलं हसली असेल?

उद्या आठला.

ह्यांनी उद्या बोट काढायची नाही असं ठरवलंय. जाळं आवरून आणलं. मी म्हटलं, मी आठला परात घेऊन खाडीच्या तोंडाशी जाणार आहे. उद्या धुकं नाही, ऊन पडणार, वाट चुकलेली एकही बोट नसणार. लोक म्हणतील सुनंदा वेडी झाली.

हे म्हणाले, "मी डबा घेतो."

परात घासून दाराशी ठेवलीय. सांडशी लोखंडी घेते, तिचा आवाज लांब जातो.